मागचं डावं दार

शिंगणापूर,
रविवार, ७ नोव्हेंबर १९७१

ती. यशयाकाका यांस,
राधाकृष्ण सहादेवचा नमस्कार.

आबा गेल्यापासून तुम्हाला लिहीन लिहीन म्हणत होतो, आणि आज लिहायला बसलो तो कामासाठी. रागावू नका.

दिवाळीच्या सुट्टीत मुंबईचे एक शेठजी इथं दर्शनाला आले होते. त्यांना जुन्या मोटारी जमवायचा नाद आहे. परत निघताना आमच्या कडुलिंबाखाली उभी असलेली आबांची ऑस्टिन त्यांना दिसली आणि त्यांचं निघणं राहिलंच. पांढऱ्या कपड्यांनिशी धुळीत उताणे पडून त्यांनी गाडीचं पोट पाहिलं, बॉनेट उघडून इंजिनावरचा नंबर वाचला, लाकडी डॅशबोर्डवरून हात फिरवला. शेवटी मला विचारलं, "हिची दारं कुठं आहेत?" आमच्या गावात घरांना दारं नसतात हे त्यांना ठाऊक होतं. मोटारीलाही नसतील असं काही त्यांना वाटलं नव्हतं.

छत्तीस सालची ही गाडी मूळच्या चारही दारांसकट मिळाली, तर ते जी किंमत द्यायला तयार आहेत ती ऐकून मी पुन्हा विचारायचं धाडस केलं नाही. दारांशिवाय मात्र ती त्यांच्या लेखी सुट्या भागांची रास. जानेवारीत ते परत येणार आहेत.

आबा अंथरुणाला खिळले होते तेव्हा एकदा म्हणाले होते, "गाडीची किंमत कुनी इचारली तर यशयाला इचार. मला ती करता येत न्हाई." म्हणून विचारतो.

दारं तुमच्याकडे आहेत. मी लहान असताना तुम्ही ती बैलगाडीत घालून नेलीत आणि आबा दिवसभर ओट्यावर गप्प बसून होते, एवढंच मला आठवतं. तुमच्यात काय बिनसलं ते मी विचारत नाही. गाडी तुम्हा दोघांची होती, तेव्हा निम्मा वाटा तुमचा, हे सांगायला नकोच. दारं कधी पाठवता आणि गाडीची खरी किंमत काय, एवढं कळवावं.

आपला,
राधाकृष्ण


भिंगार,
१८ नोव्हेंबर १९७१

चि. राधाकृष्ण यास यशयाचा सलाम.

तुझं पत्र वाचून शाळेची नोटीस हातात पडल्यासारखं वाटलं. मास्तर झालास हे खरं.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाक. दारं मी नेली नाहीत, तुझ्या बापानं मला दिली. सत्तेचाळीस साली आमचा साहेब इथून विलायतेला निघाला तेव्हा त्यानं ड्रायव्हर म्हणून सहादेवच्या हातात किल्ली ठेवली आणि मिस्त्री म्हणून माझ्या हातात हत्यारांची पेटी. गाडी दोघांची, एवढं बोलून तो गेला. भिंगारला मला ती उभी करायला जागा नव्हती, म्हणून ती तुमच्याकडं आली. सहादेव दुपारचा तिच्यात झोपायचा. एकदा मला म्हणाला, "यशया, घराला दार न्हाई आन् मी हितं दार लावून निजतो. मनाला लागतंय." गावानं त्याला काही म्हटलं नव्हतं, म्हणणारही नव्हतं. त्याच्याच मनानं घेतलं. चारही दारं त्यानं आपल्या हातानं उतरवली आणि बैलगाडीत ठेवली. म्हणाला, "उगडायचं तुज्याकडं, बसायचं माज्याकडं. एकट्यानं कुनी इकायची न्हाई." गप्प बसला असेल तो दारांना निरोप देऊन. आमचं कधी काही बिनसलं नाही.

तीन दारं माळ्यावर तेल लावलेल्या गोणपाटात गुंडाळलेली आहेत. दर दसऱ्याला मी ती सोडतो, पुसतो, झेंडूचं फूल ठेवतो आणि परत बांधतो. चौथं, मागचं डावं, ते आमच्या न्हाणीला आहे. तो माझ्या मरियेचा उद्योग. साहेब गावाला गेला की सहादेव आम्हा दोघांना गाडीतून डोंगरगणच्या रस्त्यानं फिरवून आणायचा, तेव्हा ती मागं डावीकडं बसायची आणि काच खाली करून हात बाहेर सोडायची. दारं घरी आल्यावर तिनं मला ते एकच बांधू दिलं नाही. मग न्हाणीच्या भिंतीत लाकूड ठोकून मी ते बसवलं. आत अंघोळीला गेली की काच थोडी खाली करायची आणि आभाळ बघत पाणी घ्यायची. बाहेरून मी विचारायचो, कुठवर आलीस? म्हणायची, डोंगरगणला. ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली, पण सकाळी ती काच मी अजून खाली करतो. काच उतरताना बारीक कुरकुरते, आणि तेवढा वेळ मी भिंगारात नसतो.

किंमत विचारतोस. रंगावरून किंमत करणारा मिस्त्री मी नव्हे. मी दार लावतो आणि कान देतो. गाडी जिवंत असेल तर भरीव आवाज येतो, नसेल तर नुसता पत्रा वाजतो. तेव्हा गाडी आणि दारं एकत्र आल्याशिवाय मला सांगता यायचं नाही. आणि दारं देतो असं म्हणायला आज जीभ रेटत नाही. थोडा वेळ दे.

तुझा,
यशयाकाका


शिंगणापूर,
२९ नोव्हेंबर १९७१

ती. यशयाकाकांना नमस्कार.

तुम्ही लिहिलंत ते आईला वाचून दाखवलं. दारांबद्दल माझा समज चुकीचा होता, ते मान्य. पण वेळ कशाला हवा ते कळलं नाही. निम्मा वाटा कमी वाटत असेल तर तसं सरळ लिहा, आपण बोलू. मला आडपडदा जमत नाही.

गाडी विकायची हौस मला आहे असं समजू नका. आई दुपारी मागच्या सीटवर पाय वर घेऊन डाळ निवडत बसते. माझी धाकटी चांगुणा तिथंच झोपते. चारही बाजूंनी वारा आरपार जातो, तसा घरात येत नाही. मी शाळेच्या वह्या ड्रायव्हरच्या जागेवर बसून तपासतो. काल वह्या मांडीवर तशाच राहिल्या आणि हात आपोआप स्टिअरिंगवर गेला. लिंबाची सावली बॉनेटवरून मागं सरकत होती आणि मला वाटलं, आपण चाललो आहोत. गाव मागं पडलं, राहुरी गेली, मग कोल्हारचा पूल आला आणि प्रवरेच्या पाण्यावरचा गारवा अंगाला लागला. चांगुणानं हाक मारली तेव्हा मी पुलाच्या मधोमध होतो. काका, असं मला हल्ली रोज होतं, आणि हे मी शाळेत कुणाला सांगू शकत नाही.

पण लिंब यंदा पाण्यावाचून अर्धा वाळला आहे. वरून ऊन थेट गाडीवर येतं. सीटचा कापूस बाहेर आलाय, पत्र्याला पापुद्रे सुटलेत. आणखी दोन उन्हाळे गेले की शेठजीही विचारणार नाहीत. तेव्हा काय ते ठरवा. आई म्हणते, यंदा भाऊबीजेला ताट वाढून ठेवलं होतं आणि तुम्ही आला नाहीत, हेही लिही. लिहिलं.

आपला,
राधाकृष्ण


भिंगार,
२६ डिसेंबर १९७१

चि. राधाकृष्ण यास सलाम.

महिनाभर उत्तर नाही म्हणून तू माझ्या नावानं बोटं मोडली असशील. इथं लढाईचे दिवस होते. छावणीतली निम्मी माणसं आघाडीवर गेली, दिव्यांना काळे कागद लागले, आणि बाजारात लोक उगाच हळू बोलायचे. आता ते संपलं. काल नाताळ झाला. माझी कृपा नाशिकहून मुलांना घेऊन आली होती, आज परत गेली. घर एकदम मोठं झालंय.

तू सरळ लिहा म्हणालास, तर सरळ लिहितो. या दोन खोल्यांच्या मालकाच्या मुलाचं लग्न ठरलंय. शिमग्यापर्यंत त्याला जागा मोकळी करून हवी. माणूस भला आहे, त्याचा दोष नाही. कृपा म्हणते, नाशिकला चला. तिची माया खरी आहे, पण तिच्या घरात सात माणसं आहेत आणि जावयाचे वडील पुढच्या खोलीत खोकत पडलेले असतात. मी तिथं गेलो तर कुणाला तरी उठून मला जागा द्यावी लागेल, रोज. ते मला सोसवणार नाही. बाजारात एक खोली बघून ठेवली आहे. गाडीच्या निम्म्या पैशांत ती मला घेता येईल आणि इथंच मरेपर्यंत राहता येईल. म्हणजे गाडी विकायची गरज तुझ्यापेक्षा मला जास्त आहे, आणि म्हणूनच गप्प होतो. ज्याला विकायची गरज आहे त्यानं किंमत सांगू नये. सहादेवनं तुला माझ्याकडं पाठवलं ते मी खरं बोलेन म्हणून, आणि मला माझीच खात्री वाटेना.

पण आता शेठजी येणारच असतील तर दारं आणतो. मी ती इतकी जपली आहेत की नव्यासारखी बसतील, त्याची काळजी करू नकोस. बन्सीचा टेम्पो दूध न्यायला घोडेगावकडं येतो, तो भोगीच्या दिवशी मला आणि दारांना सोडील. न्हाणीचंही काढून आणतो. त्याच्यावर चुन्याचे ओघळ आहेत आणि ते खाली झुकलंय, शेठजींना आवडायचं नाही. पण चार म्हटलं की चार पाहिजेत.

राहीबाईला सांग, भाऊबीजेला यायचं होतं. सहादेव नसताना त्या गाडीपाशी उभं राहायचं बळ होईना.

तुझा,
यशयाकाका


शिंगणापूर,
४ जानेवारी १९७२

ती. यशयाकाका,

तुमचं पत्र वाचून माझंच मागचं पत्र मला टोचत राहिलं. वाट्याचं लिहायला नको होतं.

शेठजींचं पत्र आलं. त्यांना शनिवारी यायचं होतं. आई म्हणाली, शनिवारी लोखंड घेत नाहीत हे एवढ्या शिकलेल्या माणसाला कळू नये का. मग मी त्यांना रविवार, सोळा तारीख कळवली, आणि त्यांनी ती मुकाट्यानं मान्य केली. दारं लावण्याबद्दलही आईचा निकाल असा, की विकण्यापुरती लावा, गाडी अंगणातून गेली की तिचं ती बघेल.

तुम्हाला भोगीला या असं लिहू का, म्हणून मी तिला विचारलं. ती म्हणाली, "दार नसलेल्या घरात कुनाला या म्हनावं लागत न्हाई." तेव्हा तसं लिहीत नाही. त्या दिवशी मी शाळेत असेन, संध्याकाळी भेटू.

राधाकृष्ण


भिंगार,
१४ जानेवारी १९७२

चि. राधाकृष्ण यास सलाम.

तू शाळेतून यायच्या आत मी बन्सीच्या टेम्पोत बसून निघून आलो, ते तुला वाईट वाटलं असेल. तुला समोरासमोर सांगायला धजलो नाही, म्हणून लिहितो.

सकाळी आलो तेव्हा राहीबाईनं तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी पुढं ठेवली. खाऊन कामाला लागलो. माळ्यावरची तिन्ही दारं सोडली. उन्हात अशी चमकली की शेजारपाजारच्या बायका बघायला आल्या. पहिलं दार बिजागरीत घातलं, लावलं, ते चौकटीवर अडलं. किसलं, ठोकलं, वाकवलं, पुन्हा अडलं. दुसरंही अडलं, तिसरं तर अंगठ्याएवढं बाहेर राहिलं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. दारांवाचून एवढी वर्षं उभी राहून गाडीची बॉडी खाली बसली आहे. मधला खांब आत कलला आहे. दारं गाडीला सावरून धरतात, हे मला मिस्त्रीला कळायला हवं होतं. सहादेवनं ती श्रद्धेनं काढली आणि मी ती प्रेमानं जपली, आणि आम्ही दोघांनी मिळून गाडी मोडली.

मी हत्यारं आवरायला लागलो. राहीबाई म्हणाली, "चौथं ऱ्हायलं की." मी म्हणालो, राहू दे, ते न्हाणीचं आहे. तिनंच ते उचलायला हात लावला, म्हणून बसवलं. ढकललं, आणि ते लागलं. एकदाच, न अडता, आपल्या जागी गेलं. रोज उघडून, रोज लावून तेही गाडीसारखंच खाली बसलं होतं. आणि आवाज असा भरीव आला, की ओसरीवर झोपलेली चांगुणा उठून बसली. साहेब कचेरीपाशी उतरायचा तेव्हा यायचा तो आवाज. राहीबाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "ह्यांनी लावलं वाटतं."

मी आत बसलो, काच खाली केली आणि रडलो. लपवत नाही. मग बन्सी परत जाताना दिसला आणि मी त्याला हात केला.

शेठजींना खरं ते सांग. किंमत मला आता सांगता येणार नाही. शिमग्यानंतर माझा पत्ता नाशिकचा. राहीबाईनं दिलेला तिळगूळ बाजूच्या पोरांना वाटला.

तुझा,
यशयाकाका


शिंगणापूर,
१७ जानेवारी १९७२

ती. यशयाकाका,

तुमचं पत्र आज मिळालं, पण आईनं मला त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं होतं. रागावलो नाही.

काल शेठजी आले. मी त्यांना पहिल्याच वाक्यात सांगितलं की दारं बसत नाहीत. त्यांनी तरीही पाहिलं. तीन दारांवर हात फिरवून म्हणाले, अशी दारं मी आजवर पाहिली नाहीत, माझ्याकडं याच सालची दुसरी गाडी आहे आणि तिची दारं सडली आहेत. मग त्यांनी तुमचं न्हाणीचं दार लावलं. ऐकलं. पुन्हा उघडून लावलं. मग मागच्या सीटवर बसून राहिले, काचेतून शेताकडं बघत. उतरल्यावर म्हणाले, पूर्ण गाडीची किंमत आता देता येणार नाही, पण ही मोडून भाग काढायचे म्हटलं तरी मी घेईन. जे देतो म्हणाले ते आधीच्या किमतीच्या निम्मं, म्हणजे त्या सगळ्यात तुमची बाजारातली खोली होते. मी हिशेब करून पाहिला. महाशिवरात्रीपर्यंत उत्तर देतो असं सांगितलं.

काका, मी माझ्या वाट्यावर पाणी सोडायला तयार आहे, गाडी मोडायलाही तयार आहे. तुम्हाला भिंगार सुटू नये. पण आबांनी तुम्हाला विचार म्हटलं होतं, आणि गरज असलेल्या माणसानं किंमत सांगू नये हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. दुसरं कोण सांगणार? तेव्हा आता सांगा.

दार अजून गाडीलाच आहे. आई काढू देत नाही. उघडं करून सुंभानं लिंबाला बांधलंय, आणि कोंबड्या मागच्या सीटवर जाऊन बसतात. गावातली माणसं येता-जाता बघतात. शेजारच्या आक्काबाईनं जवळ येऊन विचारलं, "उगडंच ऱ्हातंय न्हवं?" हो म्हटल्यावर ती काच चाचपून गेली. संध्याकाळी आई माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "त्याला लिही, मरियाबाईचं दार आलंय. भाऊ तेवढा यायचा ऱ्हायलाय. पाठीमागची खोली रिकामी हाय, कुनाला उठावं लागायचं न्हाई." तुम्ही नाशिकबद्दल लिहिलंत ते मी तिला कधी वाचून दाखवलं होतं, मला आठवतही नाही.

राधाकृष्ण


भिंगार,
२ फेब्रुवारी १९७२

चि. राधाकृष्ण यास यशयाचा सलाम.

दोन आठवडे उत्तर दिलं नाही, कारण किंमत करत होतो.

बाजारातली खोली पुन्हा पाहिली. खोली चांगली आहे, कोरडी आहे, पाण्याचा नळ जवळ आहे. मालकानं किल्ली दिली आणि म्हणाला, बसून बघा. मी आत जाऊन दार लावलं. नवं दार आहे, घट्ट लागतं. सवयीनं कान दिला. काहीच ऐकू आलं नाही. बाहेर बाजार होता, तोही ऐकू येईना. थोडा वेळ बसलो आणि किल्ली परत केली.

मग कबरस्तानात जाऊन मरियेला सांगितलं. घोडेगावची एस.टी. रोज आहे, अधूनमधून येईन म्हणालो. कृपाला पत्र टाकलं. ती रागावेल, मग येऊन तुमचं घर बघेल आणि गप्प बसेल.

तू किंमत विचारलीस. शेठजींना लिही, माळ्यावरची तिन्ही दारं त्यांनी घेऊन जावीत आणि आपल्या गाडीला लावावीत. ती गोणपाटात निजून कंटाळली असतील. ते जे देतील त्यात टपावर घालायला चांगली ताडपत्री घेऊ आणि लिंबाला पाणी घालायची काही सोय करू. बाकीची गाडी विकायची नाही. मिस्त्री म्हणून सांगतो, तिची किंमत त्या शेठजींना झेपायची नाही, मलाही झेपली नसती. तुझ्या आईनं पाठीमागची खोली देऊन ती पुरती चुकती केली.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी बन्सीबरोबर येतो. एक ट्रंक आणि साहेबानं दिलेली हत्यारांची पेटी, एवढंच सामान आहे. इंजिन फिरतं का ते बघू. नाही फिरलं तरी तू कोल्हारला नेतोस ते ठाऊक आहे मला, तेवढं पुरे. पुलावर जरा हळू घे.

तेवढ्या कोंबड्या मागच्या सीटवरून हाकल, आणि डावीकडची काच खाली करून ठेव. ती जागा रिकामी असू दे. मी तुझ्याशेजारी पुढं बसेन.

तुझा,
यशयाकाका